स्फटिकाच्या पृष्ठावरील लाट आणि तिचे परावर्तन

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सातबाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंद व्हावी म्हणून ई-पीक पाहणीची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झाली. तेव्हापासून भात, नाचणी, वरई किंवा खुरासणी घेणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते व ते पाठवावे लागते. पावसाचा व विजांचा इशाराही याच यंत्रावर येतो. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर हे यंत्र मुके झाले म्हणजे नोंद राहते, आणि नोंद राहिली म्हणजे नुकसानभरपाईच्या व धान्य खरेदीच्या वेळी अडचण उभी राहते. अशा वेळी दोष कधी मनोऱ्याला दिला जातो, कधी यंत्राला, तर कधी दुकानदाराला. यंत्राचा दोष कोठे संभवतो व कोठे संभवत नाही हे कळण्यासाठी त्याच्या पोटातील एका लहानशा भागाची माहिती करून घेणे उपयुक्त ठरेल. हा भाग म्हणजे स्फटिकाची गाळणी होय. तिचा आकार वरईच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो आणि एकेका यंत्रात अशा अनेक गाळण्या बसविलेल्या असतात.

ही गाळणी कागदाची वा जाळीची नसून लाटेची आहे. स्फटिकाच्या पाठीवरून एक लाट धावते, वाटेतील पट्ट्यांवर आदळून थोडीथोडी परत फिरते, आणि या परत फिरण्याच्या हिशोबावरच कोणता संकेत आत घ्यावयाचा व कोणता बाहेर ठेवावयाचा हे ठरते. हा हिशोब स्फटिक कापण्यापूर्वीच गणिताने मांडावा लागतो. तो कसा मांडतात, हेच येथे सांगावयाचे आहे.

गारगोटीचा गुण

सह्याद्रीच्या काळ्या खडकात विहीर खोदताना पोकळ्यांतून पांढऱ्या, पैलूदार गारा निघतात हे सर्वांस ठाऊक आहे. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे सुंदर नमुने पाहावयास मिळतात. यांतील काही गारा शुद्ध स्फटिकाच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या असतात. १८८० साली पॅरिस येथे झाक क्युरी व प्येर क्युरी या बंधूंनी असे दाखविले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर ठरावीक दिशेने दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार प्रकट होतो. याच्या उलट, स्फटिकाला विद्युत् दाब दिला असता तो किंचित आकसतो वा फुगतो. या गुणाला दाबविद्युत् असे म्हणतात. स्वयंपाकघरातील गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबताच ठिणगी पडते ती याच गुणामुळे. मात्र तेथे क्वार्ट्झऐवजी कृत्रिम मृत्तिकेचा तुकडा वापरतात. गारगोटी व पोलाद यांच्या जुन्या चकमकीतील ठिणगी मात्र वेगळी. ती पोलादाच्या तापलेल्या कणांची असते, तिचा दाबविद्युतेशी संबंध नाही. या दोन गोष्टींची गल्लत शाळेतही पुष्कळदा होते.

मोबाईलच्या गाळणीसाठी क्वार्ट्झपेक्षा लिथियम नायोबेट व लिथियम टँटलेट हे कारखान्यात वाढविलेले स्फटिक अधिक वापरले जातात, कारण त्यांत हा गुण पुष्कळच प्रबळ असतो.

पृष्ठावरून धावणारी लाट

लाट म्हटली की पाण्यावरची लाट डोळ्यांपुढे येते. घन पदार्थातूनही लाटा जातात, आणि त्यांतील एक प्रकार असा आहे की तो पदार्थाच्या पोटात न शिरता पृष्ठालगतच धावतो. लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली अशा लाटेचे गणित प्रथम मांडले व भूकंपात तिचे महत्त्व मोठे असावे असा तर्क केला. तो पुढे खरा ठरला. दूरच्या मोठ्या भूकंपात जमीन हेलकावते ती मुख्यतः पृष्ठालगतच्या लाटांनीच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी भागांत धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्यामुळे जमिनीतून लाट जाते ही गोष्ट पालघर जिल्ह्यात कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. स्फटिकावरील लाट त्याच कुळातील आहे. फरक केवळ आकाराचा. भूकंपाच्या लाटेची लांबी किलोमीटरने मोजावी लागते, तर स्फटिकावरील लाटेची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांनी.

या लाटेत स्फटिकाचा प्रत्येक कण लंबवर्तुळात फिरतो आणि ही हालचाल सुमारे एका लाटेच्या लांबीइतक्या खोलीवर जवळजवळ संपते. लिथियम नायोबेटच्या एका नेहमीच्या छेदावर लाटेचा वेग सेकंदाला ३,४८८ मीटर असतो. प्रकाशाच्या व बिनतारी लहरींच्या तुलनेने हा वेग सुमारे ८६,००० पटींनी कमी आहे. नेमका येथेच तिचा उपयोग आहे. ९०० मेगॅहर्ट्झच्या बिनतारी लहरीची लांबी हवेत ३३ सेंटिमीटर, म्हणजे हातभर पसरणाऱ्या काठीच्या जवळपास असते. तोच संकेत स्फटिकाच्या पाठीवर उतरविला की त्याच्या लाटेची लांबी मिलिमीटरच्या सुमारे चार हजारांशांवर येते. जे काम करण्यास खोलीभर यंत्र लागले असते ते दाण्याएवढ्या तुकड्यावर होऊ शकते.

संकेत स्फटिकावर उतरविण्याची सोपी युक्ती कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हाइट व व्होल्टमर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. दोन कंगवे समोरासमोर ठेवून एकाचे दात दुसऱ्याच्या दातांमध्ये बसवावे, तशा ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या स्फटिकावर चढवितात. दोन कंगव्यांना विद्युत् संकेत जोडला की दातांमधील स्फटिक आकसू-फुगू लागतो व लाट निघते. दुसऱ्या टोकास तसाच कंगवा असला म्हणजे तो लाटेचे पुन्हा विद्युत् संकेतात रूपांतर करतो.

लाट परत का फिरते

भाताच्या खाचरात पाणी उभे असताना एका बाजूस फळी हलविली तर लाट समोरच्या बांधावर आपटून परत येते. यावरून परावर्तनास भिंतच हवी असा समज होतो, परंतु तो अपुरा आहे. खाचराचा तळ जेथे एकदम उथळ होतो तेथेही लाटेचा थोडा भाग मागे वळतो, मग वाटेत बांध नसला तरी चालेल. तारप्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तारपा वाजविताना नळीतील ध्वनी नळीच्या उघड्या तोंडापाशी पोचतो. तेथे त्याला अडविणारे काहीच नसते, तरीही त्याचा मोठा हिस्सा नळीत परत फिरतो आणि त्यामुळेच नळीत सूर उभा राहतो. जेथे परिस्थिती बदलते तेथे लाट थोडीफार परतते, मग तो बदल अडथळ्याच्या रूपाने असो वा मोकळेपणाच्या.

स्फटिकावर ॲल्युमिनियमची पट्टी आली म्हणजे परिस्थिती दोन प्रकारांनी बदलते. एक तर पट्टीचे वजन व जाडी यांमुळे पृष्ठ जड होते व त्यास पायरी पडते. दुसरे कारण दाबविद्युत् पदार्थांतच संभवते. तेथे लाटेबरोबर विद्युत् क्षेत्रही धावत असते. धातूच्या पट्टीखाली ते पृष्ठावर दबून जाते, आणि त्यासरशी लाटेचा वेग उतरतो. वर सांगितलेल्या लिथियम नायोबेटच्या छेदावर धातूच्या थराखाली हा वेग सेकंदाला ३,४८८ मीटरवरून सुमारे ३,४०४ मीटरवर येतो. पट्टी कितीही हलकी केली तरी हे दुसरे कारण नाहीसे होत नाही. क्वार्ट्झवर याच्या उलट स्थिती असते. तेथे विद्युत् परिणाम अल्प असल्याने पट्टीची जाडी अधिक महत्त्वाची ठरते.

एका पट्टीला दोन कडा असतात व दोन्ही कडांपासून लाट परतते. पट्टीची रुंदी लाटेच्या लांबीच्या चतुर्थांशाइतकी ठेवली म्हणजे ही दोन्ही परावर्तने एकमेकांस पूरक होतात. एवढे करूनही एक पट्टी फार थोडी लाट परत करते. समजा, शंभर भाग उंचीच्या लाटेपैकी ती एक भाग उंचीची लाट परतविते. म्हणून पट्ट्यांची लांबच लांब रांग लावावी लागते.

हिशोब कोठे चुकतो

येथे पहिला मोह असा होतो की, एक पट्टी एक भाग परतविते, तर शंभर पट्ट्या शंभर भाग, म्हणजे सारी लाट परतवितील. हा त्रैराशिकाचा हिशोब चूक आहे हे लगेच दाखविता येते. दोनशे पट्ट्या लावल्या तर याच नियमाने दोनशे भाग परत आले पाहिजेत. शंभर मण भात कांडून दोनशे मण तांदूळ निघाल्यासारखेच ते होईल.

चूक दोन ठिकाणी आहे. पुढच्या पट्ट्यांपर्यंत लाट पोचते तेव्हा ती आधीच क्षीण झालेली असते. डोंगरउतारावर खोदलेल्या सलग समतल चरांशी याची तुलना करता येईल. वरचे चर पाणी धरतात, त्यामुळे खालच्या चरांकडे येणारा लोंढा कमी होतो. परंतु चरांचे साम्य येथेच संपते. चरातील पाणी पुन्हा चढण चढत नाही; लाट मात्र परत येताना मागील प्रत्येक पट्टीवर पुन्हा आदळते व तिचा काही भाग पुन्हा पुढे वळतो. हा दोनदा वळलेला भाग मूळ लाटेच्या विरुद्ध पडतो आणि तिला आणखी क्षीण करतो. या सर्व येरझारा धरून हिशोब केला असता, एका पट्टीचे परावर्तन शंभरात एक असताना १०० पट्ट्यांपासून ७६ भाग उंचीची, २०० पट्ट्यांपासून ९६ भाग उंचीची व ३०० पट्ट्यांपासून ९९.५ भाग उंचीची लाट परत येते. पहिल्या शंभर पट्ट्यांनी केलेले काम मोठे, दुसऱ्या शंभरांचे बेताचे आणि तिसऱ्या शंभरांचे अगदी थोडे, हे यावरून ध्यानात येईल. खताच्या वाढत्या मात्रेबरोबर उत्पन्नाची वाढ मंदावते हे ज्याने शेतात पाहिले आहे, त्याला या आकड्यांचे नवल वाटू नये.

वरील आकडे एका विशिष्ट कंप्रतेपुरतेच खरे आहेत. पट्ट्यांमधील अंतर लाटेच्या अर्ध्या लांबीइतके असले म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांपासून परतणाऱ्या लाटांत जाण्या-येण्याचा मिळून बरोबर एका लाटेचा फरक पडतो. माथ्यावर माथा येतो व लाटा एकवटतात. कंप्रता शेकडा एकने बदलली की दर पट्टीमागे पूर्ण फेऱ्याच्या शंभराव्या भागाइतकी चूक साचत जाते. शंभराव्या पट्टीपर्यंत एक फेरा पुरा होतो आणि निम्म्या पट्ट्यांनी परत केलेले उरलेल्या निम्म्या पट्ट्या जवळजवळ पुसून टाकतात. परावर्तन अशा प्रकारे एका अरुंद पट्ट्यापुरतेच राहते. या पट्ट्याची रुंदी पट्ट्यांच्या संख्येवर नव्हे, तर एका पट्टीच्या परावर्तनावर अवलंबून असते. शंभरात एक या प्रमाणास ९०० मेगॅहर्ट्झवर ती सुमारे ५.७ मेगॅहर्ट्झ येते, आणि शंभरात दोन या प्रमाणास सुमारे ११.५ मेगॅहर्ट्झ. एका पट्टीचा अंदाज चुकला तर सबंध गाळणीच चुकते, ती यामुळे.

गणकयंत्रावरील प्रतिकृती

एका पट्टीचे परावर्तन नेमके किती, हा प्रश्न कागदावर सुटणे कठीण आहे, कारण स्फटिकाचे गुण दिशेप्रमाणे बदलतात व पट्टीच्या कडेपाशी ताण आणि विद्युत् क्षेत्र दोन्ही गुंतागुंतीचे होतात. यासाठी गणकयंत्रावर स्फटिकाची प्रतिकृती उभारतात. जमिनीच्या मोजणीत शेताचे लहान चौकोन पाडावे त्याप्रमाणे स्फटिकाच्या छेदाचे बारीक चौकोन पाडले जातात. चौकोनांच्या प्रत्येक कोपऱ्यास चार अज्ञात संख्या असतात. तीन दिशांची हालचाल या तीन, व विद्युत् दाब ही चौथी. शेजारच्या कोपऱ्यांचा एकमेकांशी संबंध स्फटिकाच्या नियमांनी ठरतो आणि मग सारी समीकरणे एकत्र सोडविली जातात.

कामाचा पसारा किती होतो ते पाहण्यासारखे आहे. लाटेच्या एका लांबीत २० चौकोन धरले व खोली पाच लांबींची घेतली, तर ३०० पट्ट्यांच्या रांगेस ३ लाख चौकोन आणि सुमारे १२ लाख अज्ञात संख्या लागतात. परंतु सर्व पट्ट्या सारख्याच असल्याने एकाच पट्टीचा, म्हणजे अर्ध्या लांबीचा तुकडा घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंस तोच पुढे चालू आहे असे मानता येते. मग १,००० चौकोनांत काम भागते. या एका तुकड्यावरून परावर्तनाचा पट्टा कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे काढतात, त्याच्या रुंदीवरून एका पट्टीचे परावर्तन मिळते, आणि ते घेऊन वर सांगितलेल्या रीतीने पूर्ण रांगेचा हिशोब हाताने मांडता येईल इतका सोपा होतो. पाणलोटाचे काम करतानाही सबंध डोंगर एकदम कोणी मोजत नाही; एका उताराची ओळ ए-फ्रेमने आखून पुढील चर त्याच मापाने धरले जातात.

या प्रतिकृतीत फसगतीची एक जागा आहे. खरा स्फटिक लाटेच्या मानाने फार खोल असतो, परंतु गणकयंत्रातील स्फटिक पाच लांबींवर तोडलेला असतो. पट्टीवर आदळून जी थोडी लाट खाली पोटात शिरते ती या कृत्रिम तळावर आपटून वर येते आणि नसलेले परावर्तन दिसू लागते. यावर उपाय म्हणून तळाशी व कडांना असा थर मानतात की ज्यात शिरलेली लाट हळूहळू विरून जाईल. खऱ्या तुकड्याच्या टोकांनाही पुष्कळदा लाट शोषणारा मऊ लेप लावतात, तो याच हेतूने. निकाल हाती आला तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. पट्टी काढून टाकून उघड्या स्फटिकावर वेग ३,४८८ मीटर येतो का, चौकोन निम्म्या मापाचे केले तरी उत्तर तेच राहते का, आणि परतलेली, पुढे गेलेली व पोटात शिरलेली ऊर्जा मिळून पाठविलेल्या ऊर्जेइतकी भरते का, या तिन्ही कसोट्यांना उतरल्यावाचून तो आकडा कारखान्याकडे पाठविणे धोक्याचे असते.

नको असलेल्या परावर्तनाचाही हिशोब ठेवावा लागतो. घेणारा कंगवा लाटेचा काही भाग परत पाठवितो, देणारा कंगवा तो पुन्हा परतवितो, आणि तिप्पट वेळाने तोच संकेत दुसऱ्यांदा येऊन दाखल होतो. दूरचित्रवाणीच्या जुन्या संचांत अशा गाळण्या असत, आणि आखणीत ढिलाई झाली तर चित्रामागे फिकट सावली दिसण्याचा धोका असे. कंगव्याचा प्रत्येक दात चिरून दोन केला की त्यांची परावर्तने एकमेकांस मारतात, असा तोडगा यावर निघाला.

खोऱ्यातील उपयोग

मोबाईलवर बोलताना यंत्र पाठविण्याचे व घेण्याचे काम एकाच वेळी करते, निदान या लेखातील ९०० मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यावर तरी. यंत्र ८८० ते ९१५ मेगॅहर्ट्झवर पाठविते व ९२५ ते ९६० वर घेते. मध्ये केवळ १० मेगॅहर्ट्झचा बांध आहे. पाठविण्याची शक्ती एक पंचमांश वॉटपर्यंत जाते. मनोऱ्यापासून दूर असताना आत येणारा संकेत मात्र एका वॉटच्या एक लाख कोटीव्या भागाइतका किंवा त्याहूनही क्षीण असू शकतो. म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येणाऱ्या आवाजाच्या वीस हजार कोटी पट! मनोरा जवळ असलेल्या शहरात गाळणी थोडी ढिली असली तरी निभावते. खोऱ्यातील क्षीण संकेतावर मात्र तिची खरी परीक्षा होते. वेगाच्या हिशोबात शेकडा अर्ध्याची चूक झाली तर गाळणी सुमारे साडेचार मेगॅहर्ट्झ सरकते आणि निम्मा बांध खाऊन टाकते.

उष्णतेनेही ती सरकते. लिथियम टँटलेटवरील साध्या गाळणीची कंप्रता दर अंशास दहा लाखांत सुमारे ३० ते ४० भागांनी उतरते. तापमान ४० अंशांनी चढले तर सुमारे दीड मेगॅहर्ट्झचा फरक पडतो. आखणी करणारे यासाठी जागा सोडतात हे खरे. तरीही वैशाखातील उन्हात बांधावर ठेवून तापलेले यंत्र आधी सावलीत निवू द्यावे व मग वापरावे हे बरे. बॅटरीच्या दृष्टीनेही ते हिताचे आहे.

तथापि, गाळणी कितीही उत्तम असली तरी जो संकेत खोऱ्यात पोचलाच नाही तो ती निर्माण करू शकत नाही. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे व भोवतालचा प्रदेश नदीनाल्यांनी खोल कापलेला आहे. मनोरा व शेत यांमध्ये डोंगराची सोंड आली की महागडे यंत्र व स्वस्त यंत्र सारखेच हतबल होतात. एकाच जागी, एकाच कंपनीच्या जोडणीवर दोन यंत्रे ठेवून पाहावीत. दोन्ही मुकी असतील तर दोष जागेचा, एकच मुके असेल तर यंत्राचा. केवळ एका पाड्यावर संकेत मिळत नाही म्हणून कर्ज काढून नवे यंत्र घेण्याचा सल्ला कोणी दिल्यास ही परीक्षा केल्यावाचून तो मानू नये.

शेताचे ठिकाण निश्चित करणारा संकेत मनोऱ्याचा नसून आकाशातील उपग्रहांचा असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तो १,५७५.४२ मेगॅहर्ट्झवर येतो, मनोऱ्याच्या संकेताहूनही पुष्कळ क्षीण असतो, आणि तो वेगळा काढण्यासही स्फटिकाची गाळणीच सामान्यतः वापरतात. त्याला मनोऱ्याची गरज नसते, मोकळे आकाश मात्र लागते. म्हणून वावरच्या उतारावरील शेतकऱ्याने छायाचित्र घेताना दाट झाडाखाली किंवा कड्याला चिकटून उभे न राहता खाचराच्या मध्याकडे यावे व ठिकाण स्थिर होईपर्यंत थोडे थांबावे. माहिती पाठविण्यास मनोरा लागतोच. त्यासाठी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, बाजाराला वा माळावर जाणे होईल तो दिवस आधीच धरून ठेवावा.

पट्ट्यांच्या परावर्तनाचा आणखी एक उपयोग अलीकडे रूढ झाला आहे. स्फटिकावर ठरावीक अंतरांवर पट्ट्या बसवून त्याला अँटेना जोडली की बाहेरून पाठविलेला संकेत प्रत्येक पट्टीवरून परततो व प्रतिध्वनींची माळ परत येते. स्फटिक तापला की ही माळ लांबते. लिथियम नायोबेटवर पट्टी १७.४ मिलिमीटर अंतरावर असली तर जाण्या-येण्यास १० मायक्रोसेकंद लागतात. एका अंशाने तापमान वाढताच हा काळ सुमारे एक सेकंदाच्या अब्जांशाने वाढतो, आणि ४३३ मेगॅहर्ट्झच्या संकेतात तेवढ्याने लाटेच्या फेऱ्याचा पाच भागांपैकी दोन भाग फरक दिसतो. अशा तापमापकास बॅटरी लागत नाही, तारही लागत नाही. आज तो मुख्यतः उच्च दाबाच्या विद्युत् पेट्यांत व फिरत्या यंत्रांत वापरला जातो. धान्याच्या मोठ्या कोठारात, जेथे राशीच्या पोटातील ऊब वेळीच कळणे अगत्याचे असते, तेथेही तो बसविता येण्याजोगा आहे. परंतु त्याची वाचनयंत्रणा महाग असल्याने घरच्या कणगीसाठी तूर्त पातळ सळई धान्यात खुपसून ती हाताला किती गरम लागते ते पाहण्याची जुनी रीतच पुरेशी आहे.